कोकणात बसून स्ट्रेप्टोलायसिन-ओ वापरताय? कुरियरच्या खोक्यापासून हिमोलिसिसच्या कर्व्हपर्यंत सगळं

रत्नागिरी, दापोली, चिपळूण, सावंतवाडी इकडच्या कॉलेजांमधली पोरं आता एमएस्सीच्या प्रोजेक्टला रिकॉम्बिनंट प्रोटीन (जीन दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेलं प्रोटीन) मागवायला लागलीत आणि ते फार चांगलं आहे, पण यातलं पोअर पाडणारं टॉक्सिन म्हणजे पडद्याला भोक पाडणारं प्रोटीन मागवलं की निम्म्या वेळा एकच तक्रार ऐकू येते, सर ते चालतच नाही. प्रोटीन बहुतेक वेळा बरोबरच असतं. कुरियर, दमट हवा, फ्रीजची लाइट आणि शिळं रक्त या चार ठिकाणी ते मरतं आणि आपण मात्र बाटलीवर छापलेल्या युनिटवर विश्वास ठेवून गणित करत बसतो. म्हणून माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे की बाटलीवरचा आकडा हा कंपनीच्या टेबलावरचा आकडा आहे, तुमच्या टेबलावरचा आकडा तुम्हीच काढायचा, दर लॉटला, आणि तो काढल्याशिवाय पुढचा कुठलाही प्रयोग करायचा नाही. टॉक्सिनने लाल रक्तपेशी किती फुटतात (यालाच हिमोलिसिस म्हणतात) ते मोजून तो कसा काढायचा ते खाली लिहितोय. बाटली विकत आणलेली आहे असं धरून लिहितोय. टॉक्सिनचा जीन क्लोन करून घरच्या घरी प्रोटीन बनवणं हा वेगळा विषय आहे, त्याला परवानग्या वेगळ्या लागतात आणि पहिल्या प्रोजेक्टला ते करूही नये.

आधी हे प्रोटीन काय करतं ते

स्ट्रेप्टोलायसिन-ओ, पुढे एसएलओ म्हणू, हे स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस या घसा धरणाऱ्या बॅक्टेरियाचं टॉक्सिन. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सांधे दुखणाऱ्या पोराचं एएसओ टायटर करतात ना, ते याच प्रोटीनविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजतात. मोजमापातलं टॉड युनिट हे ज्यांच्या नावावरून आलं त्या एडगर टॉडनी ही टेस्ट १९३० च्या दशकात बसवली.

वजन साधारण ६० किलोडाल्टन. पडद्यातल्या कोलेस्टेरॉलला हे चिकटतं, मग एकेक रेणू मंगळागौरीच्या फेरासारखे एकमेकांना धरून गोल करतात, ३५ ते ५० रेणूंचा एक फेर, आणि तो फेर आकार बदलून पडद्यात उतरला की २५ ते ३० नॅनोमीटरचं भोक पडतं. हे भोक फार मोठं आहे, त्यातून अख्खी प्रोटीनं आत-बाहेर जातात. याच्या उलट स्टॅफिलोकोकस ऑरियसचं अल्फा-हिमोलायसिन, त्याचे फक्त सात रेणू एकत्र येतात आणि भोकाची सगळ्यात अरुंद जागा १.४ नॅनोमीटर, म्हणजे त्यातून आयन आणि लहानसहान रेणूच जातात. तुम्हाला पेशीत अँटिबॉडी किंवा एन्झाइम घालायचंय तर एसएलओ घ्या, फक्त आयनची गळती बघायची असेल तर अल्फा-हिमोलायसिन. कॅटलॉगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि स्वस्त दिसलं म्हणून उचललं तर प्रयोगच चुकतो.

यातल्या तीन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा कारण सगळी पद्धत त्यांच्यावर उभी आहे. एक, या प्रोटीनमध्ये सिस्टीन हे अमिनो ॲसिड एकच आहे आणि हवेतल्या ऑक्सिजनने ते बिघडलं की काम बंद पडतं, डीटीटीसारखं रिड्यूसिंग एजंट घातलं की परत सुरू होतं (काही रिकॉम्बिनंट प्रकारांत ते सिस्टीन बदलून ॲलनिन केलेलं असतं, मग डीटीटीची गरज नसते, डेटाशीट वाचा). दोन, कोलेस्टेरॉल मोकळं मिळालं की ते त्यालाच चिकटतं आणि वाया जातं, म्हणून सीरमचा थेंब राहिला तरी घोटाळा. तीन, पडद्याला चिकटण्याचं काम बर्फावरही होतं पण भोक नीट पडायला ३७ डिग्री लागतं. ही तिसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मागवताना

कागदपत्रं आधी. तुमच्या संस्थेची बायोसेफ्टी कमिटी असेल तर तिला लेखी कळवा की अमुक टॉक्सिन, इतकं, या खोलीत, हा माणूस वापरणार. जिथे तुम्ही स्वतः जीन हाताळणार असाल तिथे तर जीन बदललेल्या जीवांसाठीचे १९८९ चे नियम आणि डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, २०१७ ची गाइडलाइन लागू होते, परवानगीशिवाय हातच लावायचा नाही.

मग वेळ बघा. जून ते सप्टेंबर शक्यतो मागवू नका. मुंबई-गोवा हायवेवर परशुराम घाटात दरड आली की गाडी अडकते, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल सुरू असतं, आणि गणपतीच्या आठवड्यात तर कुरियरच्या ऑफिसात माणूस भेटेल याची खात्री नाही. दिवाळीनंतर ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला. मागवताना सोमवारी मुंबईतून निघेल असं सांगा, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहणार नाही, आणि शक्य असेल तर तालुक्याच्या गावापर्यंत न मागवता जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः जाऊन उचला.

पावडर स्वरूपातलं, म्हणजे लायोफिलाइज्ड, घ्या. ते जेल पॅकवर दोन-चार दिवस सहज टिकतं. पातळ सोल्युशन ड्राय आइसवर येतं आणि ड्राय आइस हा पाण्याचा बर्फ नव्हे, तो -७८.५ डिग्रीला असतो आणि नुसता उडून जातो, रस्त्यात दोन दिवस जास्त लागले की खोक्यात काही उरत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून बर्फ आणून खोकं परत भरू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तो शून्य डिग्रीचा बर्फ आहे, -८० ला ठेवायच्या मालाला त्याने काही होत नाही, उलट वितळून लेबल भिजतं.

खोकं आलं की आधी फोटो, जेल पॅक गार आहे की नाही ते हाताला बघा, लॉट नंबर वहीत लिहा, आणि त्या लॉटचं सर्टिफिकेट कंपनीकडून मागून घ्या. त्यात युनिटची व्याख्या लिहिलेली असते. बहुतेक ठिकाणी एक युनिट म्हणजे ३७ डिग्रीला ३० मिनिटांत २ टक्के लाल पेशींच्या निम्म्या पेशी फोडणारं प्रमाण, पण पेशी कुठल्या प्राण्याच्या, किती मिलीलीटर, हे कंपनीगणिक बदलतं. दोन कंपन्यांच्या युनिटची तुलना करण्यात अर्थ नाही.

बाटली उघडणं, इथेच कोकण नडतं

फ्रीजमधून काढलेली गार बाटली आपल्या हवेत उघडली की आत दव धरतं. देशावर हे इतकं जाणवत नाही, आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० च्या वर असते आणि लायोफिलाइज्ड पावडर पाणी ओढून घेणारी असते, एकदा ओलावा बसला की पावडर चिकट होते आणि प्रोटीन हळूहळू बिघडायला लागतं. म्हणून बाटली न उघडता सिलिका जेलच्या पुड्यांसकट झिपच्या पिशवीत ठेवून अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सिलिका निळी असली पाहिजे, गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये तापवून परत निळी करून घ्या. एसी असेल तर आधीपासून लावून ठेवा, दारं बंद.

मग बाटली मायक्रोफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि इतकी थोडी असते की दिसतही नाही, बाटली रिकामी वाटते, रिकामी नसते. हातमोजे दोन जोड, डोळ्याला गॉगल. एसएलओ रक्तात गेलं तर हृदयावर परिणाम करणारं आहे, म्हणून सुई अजिबात वापरायची नाही, सिरिंजने काढायचं नाही, फक्त पिपेट. हाताला जखम असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याला द्या. आपल्याकडे कालवं काढताना, मासे साफ करताना हाताला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि त्या लक्षातही येत नाहीत, काम सुरू करण्याआधी हात उजेडात नीट बघा.

डेटाशीटमध्ये सांगितलेलं पाणी किंवा बफर भिंतीवरून हळू सोडा. व्होर्टेक्स मशीनवर घुसळायचं नाही, पिपेटने फेस येईल असं ओढायचं-सोडायचं नाही, पाच-दहा मिनिटं बर्फावर तसंच ठेवून बोटांमध्ये अलगद फिरवा. फेसात प्रोटीन उलगडतं आणि परत घडी बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लगेच वाटण्या करा. एका प्रयोगाला लागेल तेवढंच, म्हणजे १० किंवा २० मायक्रोलीटर, लो-बाइंड ट्यूबमध्ये. साध्या प्लॅस्टिकला हे प्रोटीन चिकटतं आणि जितकं पातळ तितकं जास्त टक्क्यांनी चिकटतं, म्हणून साठवायचं ते घट्टच साठवायचं, पातळ करायचं ते वापरायच्या आधी आणि ०.१ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन प्रोटीन) असलेल्या बफरमध्ये. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवायची नाही. उरलं तर फेकायचं, जीव तुटला तरी.

फ्रीज आणि लाइट

-८० नसेल तर -२० चालेल पण ऑटो-डीफ्रॉस्टवाला घरगुती फ्रीजर नको, तो बर्फ साठू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतःच तापतो आणि तुमच्या ट्यूब रोज थोड्या वितळून परत गोठतात. ट्यूब फ्रीजरच्या दारात न ठेवता मागच्या कोपऱ्यात, थर्माकोलच्या डब्यात, गोठवलेल्या जेल पॅकमध्ये घुसवून ठेवा, मग काही तास लाइट गेली तरी तग धरतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तशा वेळी कुठलाच डबा पुरत नाही. म्हणून निम्म्या वाटण्या दुसऱ्या गावातल्या, जनरेटर असलेल्या संस्थेत ठेवायची सोय आधीच बोलून ठेवा, वादळाचा इशारा आल्यावर कोणाकडे वेळ नसतो. आणि फ्रीजरमध्ये एक साधी खूण करून ठेवा, छोट्या बाटलीत पाणी गोठवून वर एक नाणं, नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं मधल्या काळात वितळून गेलंय.

रक्त कुठून आणायचं

पुस्तकात मेंढीचं रक्त लिहिलेलं असतं. कोकणात मेंढ्या बारमाही नसतात, इतक्या पावसात त्यांचे खूर कुजतात. दिवाळीच्या पुढेमागे देशावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात, भात कापलेल्या खाचरांत बसवतात आणि पावसाआधी परत वर चढतात. त्यामुळे मेंढीचं रक्त हवंच असेल तर तयार बाटलीतलं मागवा किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने गार डब्यात आणा. नाहीतर शेळी आहेच, आणि मला विचाराल तर शेळीचंच वापरा, रक्त कायम ताजं मिळतं आणि ताजेपणा प्राण्यापेक्षा महत्त्वाचा.

फक्त शेळीच्या लाल पेशींची दोन वैशिष्ट्यं ध्यानात ठेवा. त्या फार लहान असतात, जेमतेम चार मायक्रॉन, म्हणून सेंट्रिफ्यूजला जास्त वेळ द्यावा लागतो. आणि मिठाचं प्रमाण जरा कमी झालं की लगेच फुटतात, त्यामुळे पीबीएस, म्हणजे पेशी धुवायचं मीठ आणि फॉस्फेटचं बफर, बनवताना वजनात चूक केलीत तर टॉक्सिनशिवायच सगळं लाल होईल. रक्त काढायचं काम पशुवैद्यकीय डॉक्टरांचं, आणि कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी घेऊनच. माणसाचं रक्त टाळा, त्याला वेगळी परवानगी लागतेच पण शिवाय बऱ्याच जणांच्या रक्तात एसएलओविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच असतात.

रक्त समान आकारमानाच्या ॲल्सेव्हर सोल्युशनमध्ये घ्या. एक लीटरला डेक्स्ट्रोज २०.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ८ ग्रॅम, मीठ ४.२ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड ०.५५ ग्रॅम, पीएच ६.१, फिल्टर करून निर्जंतुक. ४ डिग्रीला आठवडाभर रक्त चांगलं राहतं. गोठवायचं नाही.

वापरायच्या दिवशी थोडं रक्त घेऊन गार पीबीएसमध्ये धुवा, ५०० जी ला १० मिनिटं. आपल्याकडच्या मशीनवर आरपीएम असतो, रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर साधारण २४०० आरपीएम होतात, तुमची त्रिज्या पट्टीने मोजून हिशेब करा. वरचं पाणी काढताना पेशींवरचा पांढरट थरही काढा. तीनदा धुवा, आणि तिसऱ्यांदा वरचं पाणी रंगहीन नसेल तर चौथ्यांदा धुवा, तरीही लालसर येत असेल तर ते रक्त शिळं झालं, टाकून द्या. धुण्याचा खरा हेतू सीरम काढणं हा आहे, त्यातलं कोलेस्टेरॉल आणि अँटिबॉडी टॉक्सिनला खाऊन टाकतात. मग खाली बसलेल्या पेशींमधून ०.४ मिलीलीटर घेऊन १९.६ मिलीलीटर पीबीएसमध्ये मिसळा, हे झालं २ टक्के. टोकाशी अरुंद टिपने दाट पेशी ओढू नका, टिपचं टोक कात्रीने कापून घ्या.

प्रत्यक्ष मोजणी

बफर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं पीबीएस, पीएच ७.४, त्यात ०.१ टक्के बीएसए आणि ५ मिलीमोलर डीटीटी. डीटीटीचा १ मोलर स्टॉक म्हणजे १० मिलीलीटर पाण्यात १.५४ ग्रॅम, याच्याही वाटण्या करून -२० ला ठेवा आणि बफरमध्ये दर मिलीलीटरला ५ मायक्रोलीटर घाला, त्याच दिवशी. कालचं डीटीटी घातलेलं बफर आज वापरायचं नाही, ते हवेत हळूहळू संपत जातं आणि उकाड्यात तर लवकरच संपतं.

टॉक्सिन वापरण्याआधी या बफरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे बिघडलेलं सिस्टीन परत ताळ्यावर येतं. समजा तुमचा स्टॉक लेबलप्रमाणे मिलीलीटरला १००० युनिट आहे, तर आधी दहापट पातळ करून १०० करा आणि तिथून बारा ट्यूबांमध्ये प्रत्येक वेळी निम्मं करत जा: १००, ५०, २५, १२.५ असं करत बाराव्या ट्यूबमध्ये ०.०५ च्या जवळ येतं. प्रत्येक ट्यूबला टिप नवीन. प्रत्येकीत शेवटी ५०० मायक्रोलीटर राहिलं पाहिजे. हे सगळं बर्फावर.

दोन ट्यूब वेगळ्या. शून्याची ट्यूब, म्हणजे नुसतं बफर. आणि शंभर टक्क्यांची ट्यूब, इथे बरेच जण ५०० मायक्रोलीटर डिस्टिल्ड पाणी घालतात आणि फसतात, कारण त्यात तेवढ्याच पीबीएसमधल्या पेशी पडल्या की मीठ फक्त निम्मं होतं, शेळीच्या पेशी फुटतात पण माणसाच्या पेशींपैकी बऱ्याच शाबूत राहतात, मग तुमचे शंभर टक्के मुळातच शंभर नसतात आणि पुढची सगळी टक्केवारी फुगते. त्याऐवजी ०.२ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घाला, पेशी मिसळल्यावर ते ०.१ टक्के होतं आणि कुठल्याही प्राण्याच्या पेशी पूर्ण फुटतात.

आता सगळ्या ट्यूबांत ५०० मायक्रोलीटर पेशी, दर वेळी पेशींची बाटली हलवून, कारण त्या खाली बसत राहतात. झाकण लावून ट्यूब अलगद उलटीसुलटी करा आणि ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं, दर दहा मिनिटांनी एकदा उलटीसुलटी. वॉटर बाथच्या डिस्प्लेवर भरवसा न ठेवता पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा, दोन डिग्रीने कमी असेल तरी कर्व्ह सरकतो. वेळ झाली की लगेच बर्फावर, मग ५०० जी ला १० मिनिटं, वरचं लाल पाणी वाचायचं.

वाचताना ५४० नॅनोमीटर. इथे एक हिशेब आहे जो कोणी सांगत नाही. एक मिलीलीटरमध्ये १ टक्के पेशी पूर्ण फुटल्या की सरळ वाचलेलं ॲब्सॉर्बन्स तीनच्या आसपास जातं, आणि कॉलेजमधला कलरीमीटर किंवा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर दीडच्या वर भरवशाचा नसतो, वरच्या चार-पाच ट्यूब सगळ्या सारख्याच दिसायला लागतात. म्हणून २०० मायक्रोलीटर वरचं पाणी आणि ८०० मायक्रोलीटर पीबीएस, म्हणजे पाचपट पातळ, मग शंभर टक्क्यांची ट्यूब ०.५ ते ०.६ ला येते आणि सगळा कर्व्ह मशीनच्या चांगल्या भागात बसतो. पातळ करायला पीबीएसच घ्या, पाणी नको, चुकून दोन-चार पेशी ओढल्या गेल्या असतील तर पाण्यात त्याही फुटून रंग वाढवतात.

टक्केवारी म्हणजे ट्यूबचा आकडा वजा शून्याचा आकडा, भागिले शंभरवाल्याचा आकडा वजा शून्याचा आकडा, गुणिले १००. ग्राफ काढताना आडव्या अक्षावर प्रमाण लॉगमध्ये घ्या. रेष एस आकाराची आणि मधे बऱ्यापैकी उभी येते, कारण एक रेणू एकटा काही करत नाही, फेर पूर्ण व्हायला बरेच रेणू जवळ यावे लागतात.

उदाहरण घेऊ. ६.२५ च्या ट्यूबमध्ये ९२ टक्के, ३.१२५ मध्ये ७१, १.५६ मध्ये ३४ आणि ०.७८ मध्ये ९ टक्के आले असं धरा. पन्नास टक्के १.५६ आणि ३.१२५ च्या मधे. ३४ ते ७१ हे अंतर ३७ चं, त्यातले १६ चढायचे, म्हणजे ०.४३ भाग. लॉगमध्ये एक पायरी दुपटीची, म्हणून १.५६ गुणिले २ चा ०.४३ घात, उत्तर सुमारे २.१. ट्यूबमध्ये हे ५०० मायक्रोलीटरच होतं म्हणून प्रत्यक्ष पडले साधारण १.०५ लेबल-युनिट. हा तुमचा आकडा. वहीत लॉट, तारीख, कुठल्या शेळीचं रक्त, किती दिवसांचं, सगळ्यासकट लिहा. दोन महिन्यांनी त्याच लॉटला १.०५ ऐवजी २.१ लेबल-युनिट लागायला लागले तर निम्मं टॉक्सिन गेलंय, आणि मग दोष रक्ताचा की टॉक्सिनचा हे बघायला त्याच दिवशी दुसरी, न उघडलेली वाटणी त्याच रक्तावर लावा.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

शून्याच्या ट्यूबमध्येच पाच टक्क्यांच्या वर फुटलं असेल तर पेशी शिळ्या किंवा पीबीएस चुकलंय, टॉक्सिनला दोष देऊ नका. सगळ्याच ट्यूब कोऱ्या राहिल्या तर आधी डीटीटी ताजं घालून परत करा, यातच निम्मी प्रकरणं सुटतात. डीटीटीने फरक पडला नाही तर पेशी अजून दोनदा धुऊन करा. तरीही काही नाही तर प्रोटीनच्या वजनाप्रमाणे पट्ट्या पाडणारं जेल चालवा, ६० किलोडाल्टनला एक पट्टी दिसली पाहिजे, खाली बारीक तुकड्यांच्या पट्ट्या दिसल्या तर प्रोटीन तुटलंय. कर्व्ह उभा न येता आडवा पसरट आला तर बहुधा प्लॅस्टिकला चिकटतंय किंवा टिप बदलल्या नाहीत.

आणि हे फुटणं खरंच भोकामुळेच आहे हे दाखवायला एक कंट्रोल लावाच, टॉक्सिन आधी थोड्या कोलेस्टेरॉलबरोबर ठेवून मग पेशींवर. कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं, म्हणून तेवढंच नुसतं अल्कोहोल घातलेली ट्यूबही शेजारी पाहिजे. परीक्षक हाच प्रश्न विचारतात आणि विचारलाच पाहिजे.

पेशींना तात्पुरती भोकं पाडायची असतील तर

हिमोलिसिसचा आकडा हातात आला की मग कल्चरमधल्या पेशींकडे वळा. इथे मघाची तिसरी गोष्ट वापरायची. पेशी कॅल्शियम नसलेल्या बफरने दोनदा धुवा, सीरम पूर्ण गेलं पाहिजे, टॉक्सिन बर्फावर दहा मिनिटं लावा, ते नुसतं वर चिकटेल, मग जास्तीचं धुऊन टाका आणि तुम्हाला आत घालायचंय ते प्रोटीन असलेलं ३७ डिग्रीचं बफर घाला. असं केलं की भोकं बाहेरच्या पडद्यालाच पडतात, मोकळं टॉक्सिन आत शिरून आतल्या पडद्यांची वाट लावत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कॅल्शियम असलेलं मिडियम घाला, डीएमईएम या नेहमीच्या मिडियममध्ये १.८ मिलीमोलर असतं ते पुरतं, पेशी कॅल्शियम आत येताच भोक बुजवायच्या मागे लागतात. दोन तास शांत ठेवा.

प्रमाण मात्र प्रत्येक पेशीच्या जातीला वेगळं, हेला पेशीला चाललं ते दुसऱ्या पेशीला मारून टाकेल. प्रोपिडियम आयोडाइड हा भोक पडलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग लावून ६० ते ८० टक्के पेशी लाल होतील असं प्रमाण शोधा, आणि तशाच केलेल्या पण आधी रंग न लावलेल्या दुसऱ्या पेशींना कॅल्शियम दिल्यावर दोन तासांनी प्रोपिडियम लावून किती बुजल्या ते बघा. पहिल्या मापापेक्षा दुसऱ्या मापात लाल पेशींचे जितके टक्के कमी झाले तितक्या पेशी तुमच्या कामाच्या. पेशींची संख्या दर वेळी सारखी ठेवा, टॉक्सिन पेशींमध्ये वाटलं जातं, दुप्पट पेशी टाकल्या की प्रत्येकीच्या वाट्याला निम्मंच येतं.

मॅक्रोफेजसारख्या इम्यून पेशींवर काम असेल तर अजून एक अडचण. रिकॉम्बिनंट प्रोटीन बहुधा ई. कोलायमध्ये बनवलेलं असतं आणि त्याच्याबरोबर एंडोटॉक्सिन, म्हणजे त्या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला पदार्थ, येतं, पेशी भडकतात त्या एसएलओने की एंडोटॉक्सिनने हे कळत नाही. उपाय सोपा आहे, टॉक्सिनची एक वाटणी उकळून लावा. उकळल्याने एसएलओ मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही. उकळलेल्यानेही पेशी तितक्याच भडकल्या तर तुम्ही एंडोटॉक्सिनच मोजताय.

आवराआवर

लाल पाणी, उरलेलं टॉक्सिन, टिपा, ट्यूब यातलं काहीही थेट सिंकमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्यायचं नाही, आपल्याकडे सांडपाणी शेवटी खाडीतच जातं. पातळ पदार्थांत त्याच दिवशी बनवलेलं हायपोक्लोराइट शेवटी १ टक्का होईल इतकं घालून अर्धा तास ठेवा. हायपोक्लोराइट आपल्या उकाड्यात लवकर मरतं, जुन्या कॅनवर भरवसा नको, आणि त्यात ॲसिड कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. प्लॅस्टिक आणि पेशी १२१ डिग्रीला १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, पण हायपोक्लोराइट घातलेलं ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. नंतर २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे लाल-पिवळ्या पिशव्यांत वेगळं करून हा कचरा उचलणाऱ्या गाडीला द्या. जैविक कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे गाडी तुमच्या गावात कुठल्या वारी येते ते विचारून त्याच्या आदल्या दिवशी प्रयोग लावा.